मोडल्या संसाराची वाटणी

स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी लिहावे असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी विषय सांगितला आणि त्या क्षणभर गप्प राहिल्या. वर्धापनदिन म्हणजे आनंदाचा प्रसंग. हळदीकुंकू, पाककृती, सहलीच्या आठवणी असा मजकूर स्मरणिकेत शोभतो. मोडलेल्या संसारांची भांडीकुंडी तेथे कशाला मांडावयाची, असे त्यांना वाटले असावे. पुष्कळ भगिनींनाही तसेच वाटेल. परंतु मंडळाचा इतिहास लिहावयाचा तर त्यात आपल्या चुकाही आल्या पाहिजेत, आणि एका चुकीची मी स्वतः साक्षीदार आहे. साक्षीदार म्हणजे अक्षरशः. कागदावर माझी सही आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच वस्तीतील एक बाई मंडळाकडे आली. नवरा-बायकोचे पटत नव्हते, दोघेही वेगळे होण्यास तयार होते. मारहाण नव्हती, कज्जा नव्हता. फक्त एकत्र राहणे संपले होते. आम्ही चार जणींनी पुढाकार घेतला. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बोलावली, चहा केला आणि एका संध्याकाळी स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले की, उभयतांनी राजीखुशीने एकमेकांस सोडले आहे व यापुढे कोणाचे कोणावर काही देणेघेणे नाही. बाईने सही केली, नवऱ्याने केली, साक्षीदार म्हणून आम्ही केली. भांडण न होता प्रकरण मिटले म्हणून आम्हाला धन्यता वाटली.

पुढे काय झाले? ज्या खोलीची अनामत भरताना त्या बाईच्या पाटल्या मोडल्या होत्या, ती खोली नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होती. ती त्याच्याकडेच राहिली. ‘देणेघेणे नाही’ या शब्दांत पाटल्या गेल्या, शिलाईयंत्र गेले आणि पोटगीही अडकली. तो कागद म्हणजे कायदेशीर घटस्फोटही नव्हता. म्हणजे तिची सुटका झाली नाही आणि हातातही काही उरले नाही. तिने आम्हाला कधी बोल लावला नाही. पण ती मंडळात पुन्हा आली नाही, हे मी विसरलेली नाही.

आपल्या लोकांत मोडलेला संसार कसा वाटला जात असे, त्यात बाईच्या पदरात काय पडे, आणि आज कायद्याने कोणती वाट मोकळी केली आहे, हे त्या दिवसापासून मी जमेल तसे वाचीत व विचारीत आले. ते थोडक्यात भगिनींपुढे ठेवते.

पंचांसमोर मोडलेली काडी

घटस्फोट ही पाश्चात्त्यांची देणगी, असे आपण सहज बोलतो. ते खरे नाही. महाराष्ट्रातील अनेक जातींत सोडचिठ्ठी, फारकत, काडीमोड ही रीत पूर्वापार होती. काडीमोड हा शब्दच सर्व काही सांगतो. पंचांसमोर काडी मोडावी, तसे नाते मोडले. इंग्रजी अंमलाच्या आरंभी दख्खनमधील जातींचे रीतिरिवाज पंचांना विचारून लिहून घेण्यात आले. आर्थर स्टील याने केलेला तो संग्रह १८२७ साली छापला गेला. फारकत आणि पाट यांच्या चाली त्या काळी किती सर्रास होत्या, हे त्यावरून दिसते.

या पंचायतीत वाटणीही होत असे. सासरचे दागिने परत करावेत, बाई दुसरा पाट लावणार असेल तर पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च भरून द्यावा, मुले बापाकडे राहावीत, अशा अटी पडत. निकाल त्याच गावात, त्याच भाषेत, थोड्या दिवसांत लागे, हा तिचा गुण. पंचांत बाई नसे आणि दंडाची व वाळीत टाकण्याची भीती डोक्यावर असे, हा तिचा दोष. आणि तो लहान नव्हता. ज्या जाती स्वतःस वरच्या म्हणवीत, त्यांच्या बायकांना तर हेही दार नव्हते. नवऱ्याने टाकले तरी त्या त्याच्याच; त्याने दुसरी केली तरी याही होत्याच.

१८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका खटल्यात ठरविले की, विवाह रद्द ठरविण्याचा किंवा पहिला नवरा हयात असता त्याच्या संमतीवाचून बाईला दुसरा विवाह करू देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. जातीच्या जुलमाला त्यामुळे आळा बसला हे खरे, पण जुनी वाट बुजली आणि नवी अजून खणलेली नव्हती. जातीच्या रूढीने मिळणारी फारकत १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेही कलम २९ मध्ये राखून ठेवली आहे. मात्र तशी रूढी आपल्या जातीत खरोखर चालत आलेली आहे, हे पुराव्याने शाबीत करावे लागते. आमच्या स्टॅम्प पेपरामागे असली कोणतीच रूढी नव्हती. उलट जातपंचायतीने वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात आता गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला.

स्त्रीधन

शास्त्रकारांना बाईच्या मालमत्तेचा विचारच सुचला नाही, असेही नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत स्त्रीधनाचे प्रकरण आहे. आईबापांनी, भावाने, नवऱ्याने दिलेले, विवाहाच्या अग्नीसमोर मिळालेले, ते तिचे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत स्त्रीधनाची व्याख्या आणखी रुंद केली, आणि नीलकंठाच्या व्यवहारमयूखाला मुंबई इलाख्यातील न्यायालयांत मोठा मान होता. दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारात किंवा कैदेत पडला असता नवऱ्याने बायकोचे स्त्रीधन घेतले तर ते परत करण्याचे बंधन त्याजवर नाही, असेही याज्ञवल्क्य म्हणतो. एरवी घेतले तर परत करावे, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

पण पोथीतील हक्क आणि पेटीतील दागिना यांत अंतर असते. दागिना सासूच्या पेटीत आणि पेटीची किल्ली सासूच्या कमरेला, ही आपल्या घरांची रीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले की, स्त्रीधन हे नवऱ्याच्या घरी ठेवले म्हणून सामायिक होत नाही. ते तिने विश्वासाने ठेवावयास दिलेले असते, आणि मागितल्यावर न देणे हा विश्वासघाताचा गुन्हा होतो. आपल्याकडे भांड्यांवर नावे कोरण्याची पद्धत आहे. लग्नात आलेल्या पितळी डब्यावर, पातेल्यावर मामाचे नाव आणि तारीख असते. या अक्षरांना आपण हौस समजतो. वाटणीच्या वेळी तीच अक्षरे पुरावा होतात, हे मी पाहिले आहे.

दोन हजार रुपयांची तडजोड

आपल्या इतिहासातील सर्वांत गाजलेला वैवाहिक खटला शेवटी तडजोडीनेच मिटला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या आणि पुढे सासरी नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला. दादाजींनी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितले की, नांदावयास जा, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगा. रखमाबाई कैदेस तयार झाल्या. देशभर व विलायतेतही वाद माजला.

शेवट झाला १८८८ साली, आणि तो कोणत्याही न्यायाधीशाच्या निकालाने झाला नाही. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला. रखमाबाई विलायतेस गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. पण कायद्याने घटस्फोट त्यांना मिळालाच नाही, कारण तसा कायदाच नव्हता. दादाजींनी दुसरा विवाह केला; रखमाबाईंना ती मोकळीक नव्हती. तडजोड झाली तरी तिला कायद्याची बैठक नसेल तर एकच बाजू खरी मोकळी होते, हा धडा मला या कथेत दिसतो. आमच्या स्टॅम्प पेपरलाही तो तंतोतंत लागू पडतो.

कायद्याची वाट

कायद्याची वाट बांधण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ चा हिंदु स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा झाला. त्यास पुष्कळ दिवस देशमुख कायदा म्हणत. १९४१ साली नेमलेल्या राव समितीत पुण्याचे ज. र. घारपुरे होते. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी केली आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केला, म्हणजे साऱ्या देशाच्या आठ वर्षे आधी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदु कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि ते रखडल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्याच बिलाचे तुकडे होऊन १९५५ चा विवाह कायदा व १९५६ चा वारसा कायदा आला. बाईच्या हाती आलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची, हे १९५६ च्या कायद्याच्या कलम १४ ने ठरविले.

तथापि १९५५ च्या कायद्यात घटस्फोट मागावयाचा तर दुसऱ्याचा दोष शाबीत करावा लागे. दोघांच्या संमतीने वेगळे होण्याची सोय १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात होती, पण हिंदु विवाह कायद्यात ती १९७६ साली कलम १३-ब घालून आणली. वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करावयाचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा येऊन इच्छा कायम असल्याचे सांगावयाचे. पोटगी, मुले, मालमत्ता हे सारे प्रश्न खरोखर मिटले असतील व समेटाची आशा उरली नसेल, तर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले.

आता वाटणीविषयी. येथे कायदा अजून अपुरा आहे, हे उघड बोलले पाहिजे. हिंदु विवाह कायद्याचे कलम २७ फक्त लग्नाच्या सुमारास मिळालेल्या व दोघांच्या सामायिक असलेल्या वस्तूंपुरते आहे. नवऱ्याच्या नावावर घेतलेल्या घरात बायकोचा अर्धा वाटा आपोआप मिळत नाही, मग तिने वीस वर्षे त्या घरात राबून काढली असोत. घटस्फोटाच्या वेळी पत्नीस मालमत्तेत वाटा देणारे विधेयक २०१३ च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेत संमत झाले, पण लोकसभा विसर्जित झाल्याने ते गळून पडले. घर सांभाळणाऱ्या पत्नीचे श्रम हाही मालमत्तेला लागलेला हातभार होय, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली एका निकालात म्हटले. ही आशेची गोष्ट आहे, सर्वत्र लागू कायदा नव्हे.

आपल्या शेजारी गोव्यात मात्र निराळे आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक कायदा १८७० पासून लागू आहे, आणि १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावरही तो चालू राहिला. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामायिक धरली जाते व वेगळे होताना निम्मी निम्मी होते. धर्म कोणताही असो. मालमत्तेची यादी करावयाची, किंमत लावावयाची, आणि एखादी वस्तू दोघांनाही हवी असेल तर आपसांत बोली करावयाची, अशी तेथील रीत आहे. यादीपासून आरंभ करण्याची ही रीत आपणही उचलण्यासारखी आहे.

कौटुंबिक न्यायालय आणि मध्यस्थ

दुर्गाबाई देशमुख १९५३ साली चीनचा दौरा करून आल्या, तेव्हा कुटुंबाच्या तंट्यांसाठी वेगळी न्यायालये हवीत हा विचार त्यांनी येथे मांडला. न्यायमूर्ती छागला व न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशी त्या याविषयी बोलल्या. कायदा व्हावयास मात्र १९८४ साल उजाडले. महाराष्ट्रात १९८९ साली पुणे व मुंबई येथे अशी न्यायालये सुरू झाली. तेथे विवाह-समुपदेशक असतात, आणि प्रथम तडजोडीचा प्रयत्न करणे हे कलम ९ प्रमाणे न्यायाधीशाचे कर्तव्यच आहे. पती-पत्नींतील मालमत्तेचा वादही तेथेच चालतो. मेहेर, पोटगी, मुलांचा ताबा या मुसलमान व ख्रिस्ती भगिनींच्या प्रश्नांनाही तेच दार आहे.

१९९९ च्या दुरुस्तीने दिवाणी कायद्यात कलम ८९ आले व ते जुलै २००२ पासून अंमलात आले. त्याने मध्यस्थीला जागा दिली. वैवाहिक तंट्यांत मध्यस्थीचा प्रयत्न अवश्य व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले, आणि २०२३ साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाच केला.

येथे एका शब्दाचा घोळ दूर केला पाहिजे. मध्यस्थी म्हटले की आपल्या बायकांना वाटते, आता समजूत घालून पुन्हा नांदावयास पाठविणार. समेट म्हणजे पुन्हा एकत्र येणे. तडजोड म्हणजे वेगळे होतानाही एकमेकांचे गळे न धरणे. मध्यस्थाकडे दोन्ही होऊ शकते, आणि कोणते व्हावे हे त्या दोघांनी ठरवावयाचे असते. मध्यस्थ पंचासारखा निकाल देत नाही. तो एकत्र बसवितो, गरज पडली तर प्रत्येकाशी वेगळे बोलतो. तेथे बोललेले बाहेर पुराव्यात वापरता येत नाही. पटले तर लिहून सह्या होतात, आणि न्यायालयाने त्यावर हुकूमनामा केला म्हणजे त्या कागदाला बळ येते. न पटले तर दावा होता तेथून पुढे चालतो. काही गमावले असे होत नाही.

आणि पैशाचे काय? बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातील हे कलम १२ फार थोड्या बायकांना माहीत आहे. जिल्हा न्यायालयात व तालुक्याच्या न्यायालयात या सेवेचे कार्यालय असते, आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर १९९४ पासून पोटगी, मालमत्ता, हिंसा व घटस्फोट या बाबतींत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ केले आहे.

दुसरी बाई

काही वर्षांनी अशीच दुसरी एक भगिनी आली. या वेळी आम्ही स्टॅम्प पेपर आणला नाही. तिला घेऊन मी विधी सेवेच्या कार्यालयात गेले. तिला एक तरुण वकीलबाई मिळाली. तिने पहिल्या दिवशी कायद्याचे एक अक्षरही काढले नाही. “घरी जा आणि यादी करा,” एवढेच म्हणाली. घरात काय आहे, कोणी आणले, कोणाच्या पैशाने, कागद कोणाच्या नावावर आणि कर्ज किती उरले, असे पाच रकाने.

ती यादी करावयास आठ दिवस लागले. बाई म्हणत होती, “आमच्याकडे आहे काय वाटावयास?” पण यादी दोन पाने झाली. एक खोली, तिची किंमत अठरा लाख. बँकेचे कर्ज सहा लाख बाकी. नवऱ्याचा भविष्यनिर्वाह निधी. तिच्या नावाची पोस्टातील ठेव. शिलाईयंत्र, कपाट, शीतकपाट, दुचाकी. खोलीच्या पहिल्या हप्त्यासाठी विकलेल्या बांगड्या. सोनाराची पावती तिने जपून ठेवली होती. आणि तिच्या मामाचे नाव कोरलेली अकरा भांडी.

मध्यस्थाकडे चार बैठका झाल्या. पहिल्या दिवशी नवरा रागाने भरलेला होता. खोली माझी, हप्ते मी भरले, एवढेच तो बोलत होता. दुसऱ्या बैठकीत मध्यस्थांनी पावती त्याच्यापुढे ठेवली आणि विचारले, “या बांगड्या कोणाच्या?” तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “तिच्याच. तिने न मागता दिल्या होत्या.” तेथून पुढे बोलणे सोपे झाले. न्यायालयात वकिलाने उलटतपासणी घेतली असती तर हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघाले नसते, असे मला वाटते.

शेवटी ठरले ते असे : कर्ज वजा जाता खोलीत बारा लाख उरतात. खोली व पुढील हप्ते नवऱ्याकडे. बाईला साडेपाच लाख तीन हप्त्यांत, दुसऱ्या अर्जाच्या दिवसापर्यंत. शिलाईयंत्र, कपाट व अकरा भांडी तिची, दुचाकी त्याची. निधी त्याचा, ठेव तिची. मुलगी आईकडे, तिच्या शिक्षणाचा खर्च दरमहा ठरलेल्या तारखेला बापाने भरावा, आणि दर रविवारी तिने बापाला भेटावे. बाईला निम्मे मिळाले नाही, हे खरे. पण जे मिळाले ते हुकूमनाम्यात लिहिले गेले, आणि ते तिच्या हातात पडले. आज ती दोन मुलींना हाताखाली घेऊन शिवणकाम करते. मुलीच्या बक्षीस समारंभाला आईबाप दोघेही आले होते, वेगवेगळ्या रांगांत बसले, पण आले.

काही सूचना

या अनुभवातून ज्या गोष्टी मनात पक्क्या झाल्या, त्या लिहून ठेवते.

घरी केलेली सोडचिठ्ठी हा घटस्फोट नव्हे. ‘काही देणेघेणे नाही’ असे वाक्य असलेल्या कागदावर वकिलाला दाखविल्याशिवाय सही करू नये व साक्षीदारही होऊ नये.

यादी आधी, बोलणे मागाहून. उत्पन्न, मालमत्ता व कर्जे यांचे प्रतिज्ञापत्र दोघांनीही द्यावे, असा पोटगीच्या प्रकरणांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. त्यामुळे लपवाछपवीला आळा बसतो.

कर्ज दोघांच्या नावावर असेल तर नवराबायकोच्या आपसांतील कराराने बँक बांधली जात नाही. बँकेकडून नाव कमी करून घेईपर्यंत जबाबदारी राहते. घराचे नाव बदलावयाचे तर मुद्रांक व नोंदणी यांची चौकशी सही करण्यापूर्वीच करावी, आणि सोसायटीच्या भागपत्रावरील नावही पाहावे. विमा, निधी, बँक यांवरील नामनिर्देशन मागाहून बदलण्यास विसरू नये.

जेथे मारहाण आहे, धमकी आहे, बाई नवऱ्यासमोर बसून मनातले बोलू शकत नाही, तेथे तडजोडीची घाई करू नये. प्रथम तिची सुरक्षितता. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. घर कोणाच्या नावावर आहे हे तेथे पाहिले जात नाही. १८१ या क्रमांकावर मदत मिळते. भीतीपोटी झालेली तडजोड ही तडजोड नव्हे, आणि मध्यस्थीला नाही म्हणण्याचा अधिकार बाईला आहे.

शेवटची सूचना आपल्यासाठी. शेजारणीच्या संसारात आपण पंच होऊन बसू नये. तिच्याबरोबर कार्यालयापर्यंत चालत जावे, बाकावर तिच्याशेजारी बसावे, यादी करावयास पेन्सील व कागद द्यावा. एवढे आपले काम. निकाल तिने घ्यावयाचा.

मंडळाच्या कपाटात आज विधी सेवेच्या कार्यालयाचा पत्ता आणि पाच रकान्यांच्या कोऱ्या याद्यांचा एक गठ्ठा ठेवलेला आहे. किल्ली चिटणीसबाईंकडे असते. कोणासाठी हवी आहे, हे त्या विचारीत नाहीत. आणि ती पहिली भगिनी हे वाचीत असेल, तर तिला एवढेच सांगावयाचे आहे की, त्या कागदावरील माझ्या सहीची मला लाज वाटते. तिने लिहून दिलेले सगळेच कायद्यात टिकेल असे नाही, हेही आता मला कळले आहे. पोटगीचा हक्क तर असा कागदावर सोडून देता येत नाही, असेच न्यायालये मानीत आली आहेत. तिने एकदा मंडळात यावे. तिच्याबरोबर जावयास मी तयार आहे.